रायफलच्या मधल्या वर्गात आम्ही दोघं

शाळेत मी कधी एखादी इयत्ता गाळून पुढे गेलो नाही. ते भाग्य मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जॉर्जियात लाभलं, आणि तेही कॉलेजात असताना छात्रसेनेत मिळालेल्या एका प्रमाणपत्राच्या जोरावर.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आम्ही अल्फारेटाला राहत होतो. तिथून तासाभरावर, पाइनच्या जंगलात, घराच्या संरक्षणासाठी रायफल कशी वापरायची हे साध्या नागरिकांना शिकवणारे वर्ग भरायचे. पहिला, मधला आणि वरचा असे तीन. पहिल्या वर्गाला दोन महिन्यांची वेटिंग लिस्ट होती, मधल्या वर्गात मात्र जागा होती. "पूर्वी काही ट्रेनिंग झालंय का?" असं फोनवर विचारलं गेलं आणि मी शांतपणे "येस" म्हणालो. प्रमाणपत्र फॅक्स केलं. त्यावर तीन सह्या होत्या, एक गोल शिक्का होता आणि कोपऱ्यात मिशी फुटू लागलेला मी होतो. पलीकडच्या माणसाने लगेच प्रवेश दिला. गोल शिक्क्याने आपल्याकडे कामं होतात हे मला ठाऊक होतं, पण अमेरिकेतही होतात हे तेव्हाच कळलं.

त्या प्रमाणपत्रात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. तीन वर्षांत मी एकूण पंधरा गोळ्या झाडल्या होत्या. वर्षाला पाच, पालथं पडून, आणि त्यानंतर पुरीभाजी.

रायफल घेण्याचं कारण घरफोडी. सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. परत आलो तर स्वयंपाकघराचं मागचं दार फोडलेलं. व्हीसीआर गेला, चांदीची भांडी गेली आणि हिच्या पाटल्या गेल्या. पाटल्या तूरडाळीच्या डब्यात, तळाशी ठेवलेल्या होत्या. ही जागा जगात फक्त आपल्यालाच माहीत आहे अशी हिची वीस वर्षांची समजूत. चोरांनी सगळी डाळ ओट्यावर ओतून पाटल्या नेल्या होत्या. मी म्हटलं, "चोर अभ्यासू दिसतात." ही हसली नाही. एरवी माझ्या विनोदाला ही हसत नाहीच, पण निदान "पुरे" तरी म्हणते. त्या दिवशी तेही म्हणाली नाही.

त्यानंतर ही बदलली. मी ऑफिसला गेलो की घरात एकटी. मुलगी दुसऱ्या गावी कॉलेजात. फ्रिजची मोटर सुरू झाली तरी ही दचकायची. कपडे वाळवायच्या मशीनपाशी जातानासुद्धा कॉर्डलेस फोन हातात. गॅरेजचं दार वाजलं की ही स्वयंपाकघरात उभी, हातात लाटणं आणि चेहरा पांढरा. मी आत येऊन "मीच आहे गं" म्हणेपर्यंत तिचा श्वास सुटायचा नाही.

अशा वेळी नवऱ्याने काय करावं? जवळ बसावं, बोलावं, चार दिवस रजा टाकावी, असं आज मला सुचतं. तेव्हा मी वस्तू आणली. ऑफिसातला एक सहकारी उत्तर जॉर्जियाच्या डोंगरातला. त्याच्या घरात छत्र्यांपेक्षा बंदुका जास्त. तो मला दुकानात घेऊन गेला आणि मी रायफल घेऊन घरी आलो.

घरात आलेली नवी वस्तू ही आधी स्वतः उघडते. टोस्टर असो की व्हॅक्यूम क्लीनर, माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचते. रायफलच्या खोक्याला तिने बोट लावलं नाही.

"चोर एकदा आले आणि गेले," ती म्हणाली. "ही आता रोज घरात राहणार."

"तुझ्यासाठीच आणलीय."

"मला विचारलंत?"

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तिने तोडगा काढला.

"तुम्ही तो क्लास जॉइन करा. मी पण येते. सगळं झाल्यावर मी स्वतः त्या टीचरना विचारणार, ही गोष्ट घरात असल्यामुळे मी जास्त सेफ आहे की कमी? कमी म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी रिटर्न करायची."

"आणि जास्त म्हणाले तर?"

"तर मी परत त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. झोपेनसुद्धा."

हे 'झोपेनसुद्धा' तिने फार हळू म्हटलं. माझ्या दृष्टीने तो प्रश्न इभ्रतीचा होता, तिच्या दृष्टीने दिवसभर त्या घरात राहण्याचा. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "डॅड, आर यू सीरियस? यू कान्ट ईव्हन किल अ स्पायडर." मी म्हटलं, "बेटा, कोळ्यांसाठी वेगळा वर्ग असतो."

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो. लाल माती, पाइनची झाडं, पत्र्याची एक शेड आणि पलीकडे मातीचा उंच बांध. शिकणारे आम्ही सातजण. त्यांत शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, आणि नेमबाजीत सगळ्यांच्या पुढे. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, साठीचे, पांढऱ्या मिशांचे. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणू लागलो. ते प्रत्येकाला "सर" आणि "मॅम" म्हणत, पण अशा सुरात की आपण आपोआप ताठ उभे राहावं.

ही शेडमध्ये घडीच्या खुर्चीवर बसली. अंगात स्वेटर, कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ, पायाशी थर्मास आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. आगगाडीच्या प्रवासाला निघाल्यासारखी तयारी होती.

पहिला धडा असा: उभ्याने दोन गोळ्या झाडायच्या, चालत एका पिंपाआड जायचं, गोळ्यांचं मॅगझीन बदलायचं, गुडघा टेकून आणखी गोळ्या झाडायच्या. मास्तरांची शिट्टी वाजली आणि मी लगेच पालथा पडलो. छात्रसेनेत शिट्टी म्हणजे पालथं पडणं. बाकी सहाजण पिंपांकडे निघाले आणि मी तांबड्या मातीत आडवा. तिथूनच नेमाने पाच गोळ्या झाडल्या आणि थांबलो, कारण गोळ्या पाचच असतात. मग मी तिसरी गोष्ट केली. रायफल बाजूला ठेवली, उठलो आणि पुंगळ्या वेचायला लागलो.

ज्यांनी छात्रसेना केली नाही त्यांना हे कळणार नाही. गोळी झाडल्यावर रायफलमधून जी रिकामी पितळी पुंगळी उडते, ती आपल्याकडे परत द्यावी लागायची. पाच गोळ्या झाडल्या तर पाच पुंगळ्या हवालदाराच्या हातात. एक जरी कमी पडली, तरी सगळी तुकडी गवतात गुडघ्यांवर, आणि ती सापडेपर्यंत पुरीभाजी बंद. एकदा माझी एक पुंगळी हरवली होती आणि साठ मुलांनी मला घातलेल्या शिव्या मला आजही क्रमाने पाठ आहेत. तेव्हा माझा हात आपोआप खाली गेला. चार सापडल्या. पाचवी शेजारच्या गृहस्थांच्या पिंपाकडे उडाली होती, म्हणून मी तिकडे रांगत निघालो.

"सीज फायर!"

सगळ्या रायफली गप्प झाल्या. मास्तर माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "सर, तुमचं काही हरवलंय का?"

मी हवालदार, साठ मुलं आणि पुरीभाजी हे सगळं समजावून सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या हवालदारांबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण इथे पुंगळ्या पडतात तिथेच राहू द्यायच्या. माणसं गोळ्या झाडत असताना कुणीतरी रांगत फिरतंय, हे मला आवडत नाही."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात एक बादली दिली. म्हणाले, "आता वेचा, पोटभर." मी खरोखर वेचल्या, आणि फार बरं वाटलं. शाळेतल्या बाईही मदतीला आल्या. हिने त्यांना पुरी दिली, त्यांनी हिला गोड आइस टी दिला. दोघींचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण अधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या.

दुपारपर्यंत मला जमायला लागलं. डाव्या खांद्यावरून, गुडघ्यावरून, चालता चालता. मॅगझीन जमिनीवर टाकून तसंच पुढे जाताना जीव कळवळायचा, पण टाकत होतो. नेम तर, सांगायला संकोच वाटतो, चांगला लागत होता. घरी निघताना मी कागदाचं भोकं पडलेलं लक्ष्य हिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "छान. पण शाळेतल्या बाईंची भोकं एकमेकांना चिकटून आहेत."

रविवारी मात्र रायफली गाड्यांमध्ये कुलपात ठेवायला सांगितल्या. प्रत्येकाला लाल रंगाची लाकडी रायफल मिळाली. रेंजच्या एका बाजूला प्लायवूडचं छोटं घर उभं केलेलं होतं: एक बोळ, दोन खोल्या, दोन दारं, वर छप्पर नाही.

मास्तर म्हणाले, "काल तुम्ही नेम शिकलात. तो सोपा भाग होता. घरात आवाज आला की पहिलं काम रायफल उचलणं नाही. आपली माणसं कुठे आहेत ते आधी शोधायचं. नावाने हाक मारायची. ओ आली की त्यांच्याकडे जायचं, दार लावायचं, पोलिसांना फोन करायचा. संपला धडा. ओ आली नाही तरी थांबायचं, नीट बघायचं, कोण आहे ते कळल्याशिवाय काहीही करायचं नाही."

सोबत आलेल्या घरच्यांनी आतल्या खोलीत उभं राहायचं होतं. दुसऱ्या खोलीत मास्तरांचा मदतनीस कधी चोर म्हणून असणार, कधी नसणार. गोळी झाडायचीच वेळ आली, तर तोंडाने आवाज काढायचा.

आधी शाळेतल्या बाई गेल्या. त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली. "इकडे आहे, आणि मला भूक लागलीय," असं आतून उत्तर आलं. सगळे हसले. बाई आत गेल्या, दार लावलं, धडा संपला.

मग माझी पाळी. ही शेडमधून उठली, स्वेटर सारखा केला आणि आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. मी लाकडी रायफल घेऊन बोळाच्या तोंडाशी.

"हाक मारा," मास्तर म्हणाले.

"अगं!" मी हाक मारली.

"हे त्यांचं नाव आहे?"

मी म्हटलं, "नाही. हे म्हणजे... आमच्यात नवरा बायकोला असंच म्हणतो."

"सर, 'अगं' कुणीही असू शकतं. नाव."

बावीस वर्षांच्या संसारात मी हिला नावाने हाक मारली नव्हती. मी 'अगं', ती 'अहो'. आमच्या पिढीत ते तसंच होतं आणि त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. माझ्या आईसाठी ही सूनबाई, मुलीसाठी आई, मंडळातल्या पोरांसाठी काकू, आणि शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईंसाठी हनी. चारचौघांत, तेही बंदूकवाल्यांच्या पुढे, बायकोचं नाव ओरडायचं म्हणजे माझे कान तापले. पण मास्तर वाट बघत होते. मी घसा खाकरला आणि नाव घेतलं. पासपोर्टवरचं, लग्नात मीच ठेवलेलं.

ओ नाही.

पुन्हा घेतलं, मोठ्याने. शांतता. मास्तरांनी हातातल्या फॉर्मवरून ते नाव वाचायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या अक्षरापाशी सोडून दिला. मी तिसऱ्यांदा हाक मारली. माझ्याच नकळत मला भीती वाटायला लागली. ही तिथेच आहे, मी तिला आत जाताना पाहिलंय, हे माहीत असूनही. तेवढ्यात दार करकरलं. दाराच्या फटीत काहीतरी हललं आणि मी लाकडी रायफल उचलून ओरडलो, "ठो!"

दारात ही उभी होती. हातात पर्स.

"अहो, कुणाला हाका मारताय?" ती म्हणाली. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाची टर्न आली."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हिनेही सुरुवात केली. मग तिचं लक्ष रायफलकडे गेलं. ती अजून तिच्या छातीकडे रोखलेली होती. ही हसायची थांबली. मास्तरांनी पुढे होऊन माझ्या हातातून ते लाकूड काढून घेतलं. ते मुळीच हसले नव्हते.

"मॅम," त्यांनी हिला विचारलं, "झोपेत असलात तरी तुम्ही कोणत्या नावाला ओ द्याल?"

 हिने एक नाव सांगितलं. माहेरचं. मला ते माहीत होतं, पत्रिकेत वाचलं होतं, पण गेल्या बावीस वर्षांत मी ते उच्चारलं नव्हतं. "माझी आई मारायची त्या नावाने हाक," ती इंग्रजीत म्हणाली. "शी इज नो मोर. सिक्स इयर्स." (इथे ते नाव लिहिलेलं नाही. तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली. निदान आता मी विचारतो.)

"चला, त्या नावाने पुन्हा करू," मास्तर म्हणाले.

"नको," ही म्हणाली. "आता पुरे." आणि शेडमध्ये जाऊन बसली.

दुपारी खऱ्या गोळ्यांची परीक्षा झाली. मी उत्तीर्ण झालो, शाळेतल्या बाईंच्या खालोखाल. सगळे आवराआवर करत असताना ही मास्तरांपाशी गेली. मी दोन पावलं मागे उभा होतो. तिने ठरवलेला प्रश्न विचारला: ही रायफल घरात असल्यामुळे मी जास्त सुरक्षित आहे की कमी?

मास्तरांनी टोपी काढली. "मॅम, त्यांचा नेम चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो. कमी."

परतताना गाडी मी चालवत होतो. मला राग येत होता, मास्तरांचा, प्लायवूडच्या घराचा, हिने पर्स घेऊन बाहेर येण्याचा. मग एक एक करून ते सगळे राग संपले आणि उरलो मी.

"मी नाव ठेवलं ते तुला आवडलं नव्हतं का?" मी विचारलं.

"आवडायचं काय त्यात? मला विचारलं कुणी होतं? तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलंत. भोवतीच्या बायका वाकून वाचत होत्या, त्यांच्याबरोबर मी पण वाचलं. तेव्हा कळलं मला."

"मी चार दिवस विचार करून ठरवलं होतं गं."

"मग एकदाही हाक का नाही मारलीत?"

 चार दिवस खपून मी एका मुलीचं नाव काढून घेतलं, दुसरं दिलं, आणि दिलेलं वापरलंही नाही. मला लाज वाटली. इतकी की घर येईपर्यंत मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी रायफल दुकानात परत करून आलो. गॅरेजचं दार वर गेलं. आत पाऊल टाकायच्या आधी मी तिथूनच हाक मारली, तिच्या माहेरच्या नावाने. पहिल्यांदा हळूच मारली. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली.

"ओ!" वरून लगेच आवाज आला, आणि जिन्यावर धावत येणारी पावलं. ती शेवटच्या पायरीपर्यंत आली, मला बघितलं आणि कठड्याला धरून थांबली.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "मला वाटलं, आई."